मीनाच्या मागे

“ताई, मी होऊ का पुढं?”

राजूरच्या अलीकडच्या लांब चढावर मीनाने हे विचारलं तेव्हा दैवशालाच्या सायकलला याहून हलका गियर उरला नव्हता. ती तोंडाने श्वास घेत होती. मीना मात्र तिच्या बरोबरीने पायडल मारत, ओट्यावर भाजी निवडता निवडता विचारावं तसं विचारत होती. दैवशालाने नुसती मान हलवली. बोलण्याएवढा दम तिच्यात नव्हता. मीनाच्या साखळीचा दोनदा खटका वाजला, आणि बघता बघता तिची पाठ लहान होत चढापलीकडे उतरून गेली.

नुसती निघून गेली असती तर एवढं लागलं नसतं. तिने विचारलं होतं. वाटेत आलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारतात तसं.

दैवशाला सेहेचाळीस वर्षांची. जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात बावीस वर्षं सिस्टर. गल्लीत कुणाला ताप आला, कुणाची शुगर वाढली, की माणसं आधी तिच्या दारात यायची, मग डॉक्टरकडे जायची. चार वर्षांपूर्वी तिची मुलगी मोनाली शिकायला पुण्याला गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा नवऱ्याने, रामरावांनी, तिला गियरची सायकल घेऊन दिली. शाळेत शिकवणारे राजानंद सर दर रविवारी वीस-पंचवीस जणांना घेऊन सायकलवर निघत, कधी राजूर, कधी अंबड. त्या घोळक्यातली पहिली बाई दैवशाला. नव्या माणसाशी ओळख करून देताना सर तसंच सांगायचे, आमच्या पहिल्या लेडीज रायडर. ती सगळ्यांत मागे असायची हे खरं, पण पुरुषांच्या मागे राहण्यात तिला कधी कमीपणा वाटला नव्हता.

मीनाला तिनेच आणलं. मीना समोरच्या घरातली, एकेचाळीस वर्षांची. तिचा नवरा राधेश्याम एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये होता, घरात सासू गोजरबाई. मीनाला सायकल येतच नव्हती. दैवशालाने महिनाभर मैदानावर तिला शिकवलं, सीट धरून मागे पळाली, फुटलेल्या गुडघ्याला पट्टी बांधली, कुणाची तरी जुनी सायकल शोधून दिली. पहिल्या राजूरच्या फेरीला मीना तीन वेळा रडकुंडीला आली आणि दैवशाला तिच्यासाठी तीन वेळा थांबली. ते दिवस दैवशालाला फार गोड वाटले होते.

आठ महिन्यांत हे असं झालं.

त्या चढानंतर मीना मागे राहिलीच नाही. बँकेतली भावना, अठ्ठावीस वर्षांची, कायम पहिल्या चार-पाच जणांत असायची. मीना आता तिच्या चाकाला चाक लावून जाऊ लागली. दैवशाला राजूरला पोचायची तेव्हा बाकीच्यांचा एक चहा होऊन दुसरा चाललेला असायचा. त्यात मीनाची एक सवय होती. पुढे पोचली की ती परत फिरायची, दोन-तीन किलोमीटर मागे यायची आणि पाण्याची बाटली पुढे करायची. “चला ताई, आलंच आता,” म्हणायची. मग दैवशालाच्या बाजूने हळूहळू चालवत यायची. मीनाचं मन किती मोठं, असं सगळे म्हणत. दैवशालाला त्या बाटलीतलं पाणी घशाखाली उतरत नसे. आपण एकदा जातो तो रस्ता ही दीडदा करते आणि ते आपल्याला दाखवायला येते, असं तिला वाटायचं.

मोनालीने तिच्या मोबाईलमध्ये सायकलचं एक ॲप टाकून दिलं होतं. कोण किती वेगाने गेलं, कुठला चढ किती मिनिटांत चढलं, सगळं त्यात दिसायचं. दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी दैवशाला ते उघडायची. स्वतःचं बघायची नाही, मीनाचं बघायची. मीनाने दर आठवड्याला एखादं मिनिट कमी केलेलं असायचं. त्या दिवशी भाजी अळणी लागायची. तिने चांगले बूट घेतले, टायर बदलले, पहाटे उठून एकटीने सराव करून पाहिला. वॉर्डात आठ तास उभं राहून आलेले पाय काही केल्या ऐकेनात. तिला घरी सासू करून घालती, तिला झोप मिळती, असं ती रामरावांना सांगायची. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले होते, तिचं अंगच हलकं हाय, तू कशाला बराबरी करून राह्यली.

डिसेंबरात सरांनी शहागडची फेरी ठरवली. अंबडवरून जायचं, गोदावरीचा पूल गाठायचा आणि त्याच दिवशी परत, सव्वाशे किलोमीटर. चाळिशीच्या वरच्यांनी बीपी तपासून घ्यावं, असं सरांनी सगळ्यांना कळवलं. मीना संध्याकाळी दैवशालाकडे आली. हाताला पीठ तसंच होतं. भाकरी टाकायच्या आधी जल्दी बघून द्या म्हणाली, आणि दंड पुढे करून बसली. बसल्या बसल्या सांगू लागली, की भावना म्हणून राह्यली, शहागडला आपण दोघी सगळ्यांच्या आधी पोचू.

दैवशालाने पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, कानाला नळ्या लावल्या. तिचं यंत्र काट्याचं होतं. काटा तिच्या बाजूला होता आणि मीना खिडकीकडे बघत होती. एकशे अठरा, शहात्तर. विशीतल्या पोरीचं असावं तसं.

“एकशे अठ्ठेचाळीस,” दैवशाला म्हणाली.

हे तिने ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर ते इतकं साधं वाटलं, की पुढचं आपोआप आलं. थोडं वाढलंय, घाबरण्यासारखं न्हाई, पण दीड-दोन महिने सायकल बंद ठेव, मीठ कमी कर. मीनाचा चेहरा उतरला. तिने एकदाही शंका काढली नाही. “बरं झालं तुमीच बघितलं ताई, न्हाईतर मी गेले असते तशीच,” ती म्हणाली आणि दंडावर पट्ट्याचा वळ घेऊन घरी गेली.

शहागडच्या दिवशी दैवशाला पहाटे निघाली तेव्हा तिला खूप दिवसांनी मोकळं वाटत होतं. अंबडपर्यंत ती जोरात गेली. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा होत्या, वारा पाठीवर होता. मग पुढचा घोळका हळूहळू लांबला, ठिपक्याएवढा झाला आणि दिसेनासा झाला. मीना नव्हती, पण पुढे जाणारे बाकीचे सगळे होतेच. वडीगोद्रीच्या पुढे तिचं पाणी संपलं. ट्रक अंगावरून वारा मारत जात होते. एका वळणावर तिच्या लक्षात आलं, की आपण मघापासून सारखं समोर बघतोय. कुणीतरी उलटं फिरून येताना दिसतंय का, ते बघतोय.

कुणी आलं नाही. इतकी वर्षं ती मागे असायचीच, ती येईल सावकाश, असं सगळ्यांनी धरलं होतं. ती पुलावर पोचली तेव्हा मंडळी फोटो काढून, जेवून परत निघायच्या तयारीत होती. सरांनी विचारलं, बऱ्या आहात ना. ती हो म्हणाली. ढाब्यावर एकटीने बसून तिने दोन पोळ्या खाल्ल्या. परतताना वडीगोद्रीला पाय आखडले आणि मोसंबीच्या टेम्पोत सायकल टाकून ती जालन्याला आली. टेम्पोवाल्याला तिने चाक खराब झाल्याचं सांगितलं. खोटं बोलणं आता सोपं जात होतं.

मीनाला खरं सांगायचं, असं तिने पुढचे सहा-सात दिवस रोज ठरवलं. सांगायचं म्हणजे, पुन्हा तपासायचं आणि आता उतरलंय म्हणायचं, बस. पण राजूरच्या रविवारी कुणीतरी म्हणालं, मीनाताई नाहीत तर आता लेडीजमध्ये भावनाच्या मागे दैवशालाताईच. ती आणखी एक आठवडा थांबली. मग आणखी एक.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळी ती ड्युटीला निघाली होती, तेवढ्यात राधेश्याम धावत आला. मीना भांडी घासून उठताना पडल्ती. दैवशाला यंत्र घेऊन गेली. मीना पलंगावर पांढरीफटक पडलेली, कपाळाला मोरीच्या कठड्याची खोक. दैवशालाने पट्टा बांधला. नव्वदच्याही खाली. तिने दुसऱ्या हाताला बांधून पाहिलं, तेच.

“काय घेतलं हिनं?”

गोजरबाई उशाशी बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, “माझी गोळी देऊन राह्यले बाई. बीपीचीच हाय. तू म्हनल्तीस ना वाढलं म्हनून. राधेश्यामला लई काळजी वाटली, मंग मीच म्हनलं, माझ्यातली एक देत जाऊ रोज.”

तीन आठवडे. रोज एक. दैवशालाने मीनाचे पाय उशीवर घेतले, मीठ-साखरेचं पाणी करायला सांगितलं, गोळी आजपासून बंद म्हणाली, आणि दवाखान्यात न्यायला रिक्षा आणायला सांगितली. राधेश्याम दारातच थबकला.

“पण बीपी वाढलेलं व्हतं ना, ताई. एकदम एवढं कसं पडलं?” आणि तिने उत्तर द्यायच्या आधी त्यानेच ते शोधून दिलं. “मशीन खराब असंल तुमचं. जुनं झालंय ते.”

तो चिडला नव्हता. तिला सांभाळूनच घेत होता. गोजरबाईंनीही मान डोलावली. दैवशालाने यंत्राकडे पाहिलं. नुसतं हो म्हणायचं होतं. गल्लीत दोन दिवस बोलले असते, ताईंचं मशीन बिघडलं व्हतं म्हणून, आणि नवं घेतल्यावर पुन्हा सगळे तिच्याच दारात आले असते.

“मशीन बराबर हाय,” ती म्हणाली. “मी खोटं सांगितलं.”

कुणालाच कळेना. मीनाने डोळे उघडले.

“किती होतं?” तिने विचारलं. तिचा आवाज खोल गेलेला होता.

“एकशे अठरा.”

“चांगलं असतं का ते?”

“चांगलं असतं.”

मीनाने मान तिच्याकडे वळवली. “मंग कशामुळं, ताई?”

दैवशालाला खूप काही सांगता आलं असतं. ड्युटीचं, पायांचं, सरांच्या त्या ओळख करून देण्याचं. तिने मीनाच्या डोळ्यांत बघून एवढंच सांगितलं, “तू पुढं जाऊन राह्यली म्हणून.”

राधेश्याम रिक्षा आणायला गेला. त्याने मीनाला दैवशालाच्या दवाखान्यात नेलं नाही, दुसरीकडे नेलं. दैवशाला रिक्षात बसायला निघाली तेव्हा गोजरबाईंनी तिच्या हाताला धरून तिला बाजूला केलं. जोर लावला नाही. पदर सरकवावा तेवढंच.

मीना चार दिवसांत बरी झाली. दैवशाला दोनदा गेली, दोन्ही वेळा दाराशी उभी राहून परत आली. मीना आतून बरी हाय म्हणाली, बाहेर आली नाही. गल्लीत गोष्ट फिरायला वेळ लागला नाही. कुणी भांडलं नाही. फक्त संध्याकाळी दारात बसणारी माणसं कमी झाली, मग थांबली. रामरावांनी एकदाच विचारलं, हे खरं का. ती हो म्हणाल्यावर ते उठून अंगणात गेले आणि झाडांना पाणी घालत राहिले. राजानंद सरांकडे ती स्वतः गेली आणि सगळं सांगितलं. येऊ नका, असं सर म्हणाले नाहीत. या, असंही म्हणाले नाहीत.

दीड महिना तिने सायकल काढली नाही. मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी काढली. घोळका सहाला निघायचा. ती सव्वासहाला निघाली, म्हणजे कुणाला तिच्याशी बोलायला नको आणि न बोलायलाही नको. रस्त्याच्या कडेला ज्वारी कापणीला आली होती. एकटीने चालवताना पहिल्यांदाच तिला वेग बघावासा वाटला नाही. मोबाईल तिने घरीच ठेवला होता.

राजूर चार-पाच किलोमीटर राहिलं असेल, तेव्हा समोरून घोळका परत येताना दिसला. पुढे भावना, तिच्या मागे एक दाढीवाला पोरगा, आणि तिसरी मीना. कपाळावरची खूण हेल्मेटखाली झाकलेली. पाठ सरळ, कोपर आत, पायडल अगदी गोल फिरत होतं. काही जणांनी हात वर केला. सरांनी घंटी वाजवली. मीनाने तिच्याकडे पाहिलं. ओळखलं, हे दैवशालाला नक्की दिसलं. मग मीनाने मान खाली घातली, एक गियर जड केला आणि वेग न मोडता निघून गेली.

दैवशाला एक पाय जमिनीला टेकवून थांबली. मागे वळून बघायचं नाही म्हणता म्हणता तिने पाहिलंच. भावना आणि मीना आता बरोबरीने चालल्या होत्या, आणि मग मीना अर्ध्या चाकाने पुढे झाली. दैवशालाला पुन्हा तोच जुना हेवा वाटला, तसाच, तेवढाच. तिला वाटलं होतं, एवढं झाल्यावर तो जाईल.

इथूनच वळली असती तर घोळक्याच्या मागे मागे जालन्याला जाता आलं असतं. तिने बाटलीतलं पाणी पिऊन घेतलं, चढ सुरू व्हायच्या आधी गियर हलका केला आणि राजूरकडे निघाली.