शिवणाच्या टेबलाची जागा

आमच्या लाँड्रीत धुलाईचा काउंटर धाकट्या जावेचा आणि मागचं शिवणाचं टेबल माझं. झिपा बदलायच्या, बाह्या आखूड करायच्या, सुटलेल्या पोटांना जागा करून द्यायची. पण हल्ली माझ्या रॅकवर तयार कपडे लोंबकळत राहिले होते. न्यायला कुणी फिरकेना, मग नवं काम कुठून येणार?

"वहिनी, नुसती वखार झालीय," दीर म्हणाले. "टेबल काढून तिथे दुसरं वॉशिंग मशीन बसवू या."

जावेच्या काउंटरवर मात्र रीघ. तिनं कॉम्प्युटरला शिकवलं होतं ना! प्रोग्रामिंगचा आम्हा दोघींनाही गंध नाही. आपण आपलं काम करायचं, तो बघत बसतो आणि स्वतःच प्रोग्राम लिहितो. तेव्हापासून कपडा तयार झाला की गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जायचा.

"माझ्याही गिऱ्हाइकांना जातो ना गं?"

"जातो की, ताई. सगळ्यांनाच जातो."

हे 'सगळ्यांनाच' जरा जास्तच गोड वाटलं मला.

ती चहाला गेल्यावर मी एका स्कर्टची नोंद उघडली आणि 'तयार' दाबलं. निरोप उमटला आणि डोळ्यांदेखत पुसला गेला. धुलाईच्या एका शर्टाला 'तयार' दाबलं, तर निरोप सुटला. पुन्हा स्कर्ट. पुन्हा पुसला.

जाऊ आली तशी मी तिला ते करून दाखवलं. "माझ्या पोटावर पाय द्यायचा होता, तर तोंडावर सांगायचंस."

तिचा चेहराच उतरला. "अहो ताई, शिकवताना तुमचे कपडे आले की निरोप मी खोडत होते. 'माझ्या गिऱ्हाइकांना मी स्वतः फोन करते, तू मध्ये पडू नकोस,' असं तुम्हीच बजावलं होतंत ना? तो माझं खोडणंही शिकेल, हे मला काय ठाऊक!"

बजावलं होतं खरं. आणि आता कॉम्प्युटर निरोप पाठवतोय म्हणून मी फोन बंद केले होते. ही खरंच भाबडी की साळसूद, तिच्या तोंडाकडे बघून कळेना.

"सरक. आता मी शिकवते."

मी माझ्या एकेका कपड्याला 'तयार' दाबत गेले, निरोप पाठवत गेले. शेवटी पडद्यावर आलं : समजलं.

"बघा, समजलं त्याला," जाऊ म्हणाली.

"तू शिकवलंस तेव्हाही असंच म्हणाला होता?"

"हो," ती पुटपुटली.

मग मी सगळ्यांना गुपचूप फोनही केले.

दुसऱ्या दिवशी दीर टेप लावून टेबल मोजत होते, तेवढ्यात स्कर्टवाली बाई आली. "मला वाटलं, तुम्ही काम सोडलंत!" म्हणत तिनं पिशवीतून नवऱ्याचा कोट काढला. खांदे लहान करायचे होते.

मी तो दिरांच्या टेपवरच पसरला आणि खडू हातात घेतला.