पलंगावरून खाली

दर्भाची एक काडी नवऱ्याच्या कानाला टोचत होती, आणि ती काढावी की राहू द्यावी, हे कालिंदीला ठरवता येत नव्हतं. नंदाचं, म्हणजे लेकीचं, लग्न मार्गशीर्षात झालं, त्यानंतरचा हा पौष. साल एकोणीसशे एकोणसाठ. सकाळी नाडी लागेना म्हणून पुतण्यानं, दत्तात्रेयानं, तिच्या नवऱ्याला, नरहरशास्त्र्यांना, पलंगावरून उतरवून सारवलेल्या जमिनीवर अंथरलेल्या दर्भावर घेतलं होतं. खाटेवर जीव गेला तर गती नाही. गंगेकाठी, ब्रह्मा घाटावर, हे कुणाला शिकवावं लागत नाही. तोंडात गंगाजल, तुळशीपत्र... आणि दुपारी नवऱ्यानं डोळे उघडले.

"थंडी वाजते गं. वर घे."

"काकू, उतरवलेला माणूस परत चढवत नाहीत," दत्तात्रेय दारातून म्हणाला. "मोहल्लेवाले काय म्हणतील?"

"मोहल्लेवाल्यांची पाठ गारठली नाही," शास्त्रीबुवा पुटपुटले. "तूच नीज इथं, शहाण्या."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून भीती वाटली. तिच्या पंचेचाळिशीत त्यांनी तिला अक्षरं शिकवली ती याच पलंगावर बसून. पलंग म्हणजे मूळचा पर्यंक, म्हणाले होते; परि म्हणजे सगळीकडून, अंक म्हणजे मांडी. पालखीही त्याच घरची. मी, म्हणजे ही कालिंदीच, विचारलं होतं, सगळीकडून मांडी असेल तर माणसाला शेवटी उतरवायचं कशाला? त्यावर शास्त्र्यांनी पाटी माझ्यापुढे सरकवली होती. त्या दिवशी मी तो शब्द अकरा वेळा लिहिला, अकराही वेळा रफार चुकला.

वर घेतलं आणि तिथंच गेले तर — गती माझ्या हातून गेली. खाली ठेवलं तर हे ओठ असेच निळे पडत जाणार, माझ्यासमोर.

"पाय धर," ती म्हणाली.

"काकू—"

"धर म्हणते ना!"

त्यानं धरले. वर घेतल्यावर शास्त्र्यांनी गुडघे पोटाशी घेतले आणि ते झोपले. श्वास अडकला की लगेच खाली घ्यायचं, असं ठरवून ती त्यांच्या खांद्याखाली हात घालून बसली. दत्तात्रेयाला तिनं अंगणात पाठवलं. श्वास अडकत होता, पुन्हा सुटत होता. हात बधिर झाले. मग कधीतरी तिच्या ध्यानात आलं की हात आता त्यांना खाली घेण्यासाठी तिथं नाहीत, नुसते धरून आहेत.

नरहरशास्त्री पौष वद्य सप्तमीला, दुपारी चारच्या सुमारास, पलंगावर वारले. मी जागी होते.