स्किमाच्या तोंडचे लोखंड

नवरा निवडताना केली नव्हती तेवढी चिकित्सा हालबेराने त्या उन्हाळ्यात एका कडियाळ्यासाठी केली. कडियाळे म्हणजे लगामाचे घोड्याच्या तोंडात जाणारे लोखंड. नवरा तिला नाचाच्या पहिल्याच संध्याकाळी पसंत पडला होता, आणि तो बिचारा मरेपर्यंत तक्रारीला जागा न देता राहिला. पण स्किमा, तिची करडी घोडी, काही केल्या कुठलेच कडियाळे सुखाने तोंडात धरीना.

दोष घोडीचा नव्हता. दोन वर्षे हालबेराने तिला वडिलांच्या वेळचे, मधे एकच सांधा असलेले कडियाळे घातले. घोडी मान झटकायची, जीभ बाहेर काढायची, आणि हालबेरा म्हणायची, नखरे आहेत मेलीचे. मग एकदा तिने ओठ वर करून पाहिले. पुढच्या आणि मागच्या दातांमधल्या मोकळ्या हिरडीवर एक जुना व्रण होता आणि त्याच्यावर नवा. ती तिथेच ओल्या गवतात बसली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानंतर कितीतरी दिवस ती घोडीवर बसलीच नाही.

मग सुरू झाला शोध. रबराचे आणले, त्याचा स्किमाने चघळून चोथा केला. जाड आणले, कारण जाड म्हणजे मऊ असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले; पण स्किमाची जीभ मांसल, टाळू खाली, त्या तोंडात जाड लोखंडाला जागाच नव्हती. सरळ दांडीचे आणले, ते जिभेवरच बसले. दुकानदाराचे भले झाले, घोडीचे नाही.

ऑगस्टमध्ये हालबेरा बहिणीकडे डेन्मार्कला गेली, तेव्हा वाट वाकडी करून क्विस्तुरला भेटून आली. क्विस्तुर स्किमाचा सख्खा भाऊ, हालबेरानेच तिकडे विकलेला. आइसलंडबाहेर गेलेला घोडा कायद्याने पुन्हा आपल्या बेटावर पाऊल ठेवू शकत नाही, तेव्हा भेटायचे तर आपणच जायचे. त्याचे तोंड अगदी बहिणीसारखे, पण मान कशी शांत. त्याच्या तोंडात बारीक, किंचित वाकलेले, तीन तुकड्यांचे कडियाळे होते. मधला तुकडा घेवड्याच्या दाण्यासारखा गुळगुळीत. जिभेला मोकळीक, हिरडीला टोचणी नाही. हालबेरा ते पुन्हा पुन्हा बोटांनी चाचपत राहिली.

"न्या ना हे," क्विस्तुरची मालकीण म्हणाली. "माझ्याकडे दुसरं आहे." तिने लाळ पुसली आणि पट्ट्यांसकट ते हातावर ठेवले.

नवे विकत घेता आले असते. नव्याला कोणी अडवत नाही. पण दुकानात ते मागवावे लागणार होते, आणि हालबेराचे विमान दुसऱ्या दिवशीचे. तिने ते लोकरी मोज्यात गुंडाळले. विमानतळावर मोठी पाटी होती: वापरलेले खोगीर, लगाम, हातमोजे आणू नयेत. का, ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आपले घोडे पिढ्यान्‌पिढ्या बेटावरच वाढले. बाहेरची साधी सर्दीही त्यांना झेपत नाही. हालबेरा त्या पाटीखालून मान खाली घालून निघून आली.

घरी तिने लोखंड बटाट्याच्या पातेल्यात खळखळून उकळले. चामडी पट्ट्या उकळल्या तर आखडतील म्हणून नुसत्या पुसल्या. आणि स्किमा बदलली. मान सैल सोडून अशी चालू लागली की हालबेराला रडू आले, आणि त्या रडण्यात आनंद किती आणि भीती किती हे तिचे तिलाच कळेना.

डोंगरावरच्या मेंढ्या उतरवायच्या आदल्या दिवशी सकाळी स्किमा खोकली. पाणी पिताना पुन्हा खोकली. दुसऱ्या दिवशी खोऱ्यातले सगळे घोडे एकत्र डोंगर चढणार होते, एकाच कुंपणात रात्र काढणार होते. हालबेरा फोन हातात घेऊन उभी होती, आणि कोणाला लावायचा ते ठरत नव्हते. तेवढ्यात शेजारचा ओड्डुर आला. तो यंदाचा डोंगरराजा. मेंढ्या खाली येईपर्यंत त्याचा शब्द सगळ्यांनी मानायचा.

"तू बोंब मारायच्या आधी मीच कबूल करतो," तो दारातूनच म्हणाला. त्याच्या हातात ते कडियाळे होते. "परवा तू गावात गेली होतीस ना, तेव्हा तबेल्यातून उचलून नेलं."

"कोणाला घातलंस?"

"कोणाला नाही ते विचार. माझ्या तांबड्याला घातलं. मग स्टेनारनं त्याच्या दोन्ही घोड्यांना लावून बघितलं. म्हणतो, हालबेरा लग्नाला हो म्हणत असेल तर मी बायकोला माहेरी धाडतो." तो हसला. "कुठं मिळालं गं? सगळ्यांसाठीच मागवू."

दुकानात, हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. बाहेर स्किमा खोकली.

ओड्डुरचे हसू विरले. खोकल्याची साथ आली त्या वर्षी त्याने दोन शिंगरे पुरली होती. "धूळ असेल," तो हळूच म्हणाला. "यंदाचं गवत धुळकटच आहे."

किती सोपे होते हो म्हणणे. तिने नकारार्थी मान हलवली. "धूळ नाही रे. ते डेन्मार्कचं आहे. क्विस्तुरच्या तोंडातलं. लोखंड उकळलं मी. पट्ट्या नाही उकळल्या."

ओड्डुरने कडियाळे टेबलावर ठेवले, हात विजारीला पुसले, आणि मग त्या हातांकडे बघत राहिला.

"शिव्या दे मला," हालबेरा म्हणाली.

"शिव्यांनी काय खोकला थांबतो? फोन दे इकडे."

त्याने जनावरांच्या डॉक्टरला बोलावले, मग एकेका घरी फोन लावला. "माझा तांबडा खोकतोय. उद्या एकही घोडा डोंगराकडे न्यायचा नाही. सगळे पायी." हालबेरा ऐकत होती. फोन संपले तेव्हा ती म्हणाली, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुझं नाव तूच घे. उद्या सगळे असतीलच." तिने ओतलेली कॉफी त्याने घेतली नाही.

दुपारी डॉक्टरीण येऊन घोडीच्या नाकातला नमुना आणि ते कडियाळे पिशवीत घालून घेऊन गेली. कळायला वेळ लागेल, एवढेच म्हणाली.

सकाळी सगळे डोंगराच्या पायथ्याशी जमले, घोड्यांवाचून, हातात काठ्या घेऊन. वर बर्फमिश्रित पाऊस दिसत होता. "काय महाराज, तुमचं घोडदळ कुठं गेलं?" स्टेनारने ओड्डुरला विचारले. "नीट पाळता येत नसतील घोडे, तर कोंबड्या पाळ." स्टेनारचा एक गुडघा कायमचा अधू, त्यावर घट्ट पट्टी बांधून तोच सगळ्यांत जोरात हसत होता. ओड्डुर खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत राहिला. हालबेराकडे त्याने एकदाही पाहिले नाही.

अजून काही ठरलेले नाही, धूळही असू शकेल, अशी वाक्ये तिने तयार करून आणली होती. ती सगळी त्या गुडघ्याकडे बघता बघता निसटली.

"स्टेनार, तांबडा खोकत नाहीये," ती म्हणाली. "माझी घोडी खोकतेय. ते कडियाळं मी बाहेरून आणलं. वापरलेलं."

हसणे थांबले. "माझ्या दोघांना घातलं ते?"

"तेच."

ओड्डुर उठला आणि राजाच्या रिवाजाने जागा वाटू लागला: तू पश्चिमेला, तू ओढ्याच्या वर. "हालबेरा, तू स्टेनारबरोबर. त्याला चढावर आधार लागतो."

ती त्याच्या शेजारी चालू लागली. पहिल्याच ओढ्यात त्याचा पाय घसरला, तो गुडघाभर पाण्यात गेला. तिने हात पुढे केला. त्याने काठी दगडात रोवली, दात आवळून एकटाच वर आला आणि चालू लागला. हालबेरा त्याच्या मागून निघाली, हात तसाच पुढे ठेवून.