दोनशे वीसला आलेला काटा

पायलला सकाळी पोह्याचा घासही गेला नाही. पातूरहून अमरावतीपर्यंत ती गाडीत नुसती बोलतच होती. दीड वर्षापूर्वी घाटात तिची दुचाकी घसरली, कमरेच्या मणक्याला मार बसला. पायांतलं बळ गेलं, तशी लघवीची जाणीवही गेली. तेव्हापासून खुर्चीच्या बाजूला पिशवी, अंगात नळी आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी ताप. ती नळी कायमची निघेल का, ते आजच्या तपासणीत कळणार होतं.

"लय आस नको लावू, पोरी," वडील देवमन म्हणाले. पोस्टातून निवृत्त झालेला तो माणूस मोजकंच बोलायचा.

"काहून नको लावू? तुमीच तं सकाळपासून तीनदा कागद तपासले."

तपासणीच्या खोलीत यंत्र चालवणारी आकांक्षा होती, पायलच्याच वयाची. तिनं जुनी नळी काढली आणि दोन बारीक नळ्या बसवल्या, एक मूत्राशयात, दुसरी मागच्या बाजूनं, पोटाचा दाब मोजायला.

"आता आत हळूहळू सलाइन सोडते. किती मावते अन् दाब किती वाढते, ते पडद्यावर दिसते. खोका बरं."

पायल खोकली. पडद्यावरच्या दाबाच्या दोन्ही रेघा उसळून खाली आल्या.

"बराबर बसलं. कायी वाटलं तं लगेच सांगा."

सलाइन जाऊ लागलं. शंभर मिली. दीडशे. दाबाची रेघ आडवीच होती. पायल श्वास रोखून बघत होती. दोनशे वीसला तिच्या बेंबीखाली काहीतरी जड झालं आणि हातांवर सरसरून काटा आला.

"थांबा," ती म्हणाली, मग ओशाळली. "मनाचे खेळ असतीन. मले खाली तं कायीच समजत नाही."

आकांक्षानं पडद्यावर त्या आकड्याशी खूण केली आणि डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पायलचे हात पाहिले. "पडदा तिकडे फिरव. रिकामं कर आणि पुन्हा भर. पायल, तू डोळे मीट."

या खेपेला आकडा दिसत नव्हता. पंप घरघरत होता. बराच वेळ काही नाही. मग तेच जडपण, तोच काटा.

"आता."

"दोनशे तीस," आकांक्षा म्हणाली.

पायल खुदकन हसली. हसण्यानं रेघा वेड्यावाकड्या नाचल्या, तशा त्या दोघीही हसल्या.

साडेतीनशेपर्यंत भरलं तरी दाब चढला नाही, गळतीही झाली नाही. "म्हणजे सध्या तुझ्या किडन्यांना धोका नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कायमची नळी बंद. दर चार तासांनी बारीक नळीनं तूच मूत्राशय रिकामं करायचं. काटा ही तुझी मूत्राशय भरल्याची खूण, तो आला तर लवकर करायचं, पण भरवसा घड्याळावरच ठेवायचा. जमेल?"

"आत्ताच शिकवा."

डॉक्टरीणबाईंनी बोलावलेल्या सिस्टरनं आरसा धरला. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा नळी नेमकी गेली आणि भांड्यात धार वाजली. पायल ती संपेपर्यंत ऐकत राहिली.

बाहेर देवमन बाकावरून उठून उभे होते. त्यांची नजर आधी खुर्चीच्या बाजूला गेली. तिथं पिशवी नव्हती. ते रुमाल काढून चष्मा पुसू लागले.

"चला बाबा," पायल म्हणाली. "मले लय भूक लागली."