एका महिन्याची जोडी

"चाचा म्हणते, दोन वेगळ्या जातीच्या घ्या," प्रेरणा म्हणाली. "एक इंजिनासाठी, एक फ्रीजसाठी."

दयाराम एका ट्रकच्या बॅटरीत डिस्टिल पाणी घालत होता. पाणी सेलमधून वर आलं आणि झाकणावरून ओघळून त्याच्या चपलेवर पडलं. तीस वर्षांत असं सहसा झालं नव्हतं.

"कोणता चाचा?" त्यानं विचारलं. अख्ख्या नांदुऱ्यात प्रेरणाला चाचा एकच होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"जब्बारचाचा. सकाळी त्यांच्याकडेच गेली होती मी."

"सकाळी? म्हंजे पहिले तिकडं?"

"रस्त्यात लागलं दुकान, बाबा."

जब्बारचं दुकान हायवेच्या पलीकडच्या बाजूला, ट्रक तोलायच्या धर्मकाट्याजवळ होतं. दयारामचं अलीकडे. घरून निघालेल्या प्रेरणाला रस्त्यात लागणारं दुकान दयारामचंच होतं. ते ओलांडून, रस्ता पार करून ती तिकडे गेली होती. बापाला एवढा भूगोल कळत होता.

जब्बार त्याच्या हाताखाली शिकलेला. बॅटरीच्या पाण्याची ताकद मोजायचा हायड्रोमीटर कसा धरायचा इथपासून दयारामनं त्याला शिकवलं. चौदा वर्षं दोघं एकाच टिनाच्या शेडमध्ये बसले, एकाच डब्यातलं खाल्लं. आठ वर्षांपूर्वी जब्बारनं स्वतःचं दुकान टाकलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, जळायला निदान काही कारण मिळालं असतं. पण जब्बार पेढे घेऊन आला, पाया पडला आणि गेला. तेव्हापासून दयारामचं हे असं सुरू होतं. जब्बारच्या दुकानाला काच लागली, याच्या पोटात दुखलं. जब्बारनं ई-रिक्षाच्या बॅटऱ्या ठेवल्या, सोलरचं काम घेतलं, प्रत्येक वेळी दुखलं. जब्बार हज करून आला तेव्हा दयारामनं त्याला हार घातला, गळाभेट घेतली आणि घरी येऊन दोन दिवस अर्धीच भाकर खाल्ली.

"त्याच्या दुकानावर सावली पडली तरी तुमाले वाटते, चांगली पडली," त्याची बायको पुष्पाबाई म्हणायची. "डॉक्टरले दाखवा एकदा पोट."

डॉक्टर घरातच होती, पण गुराढोरांची. प्रेरणा पशुवैद्यक झाली तेव्हा दयारामनं दुकानात तिचा फोटो लावला होता. सातपुड्याच्या पायथ्याची, डोंगरातली गावं तिनं मुद्दाम धरली, कारण तिकडे कोणी जात नव्हतं. त्या रस्त्यांना साधी गाडी टिकत नाही म्हणून चारही चाकांनी ओढणारी एक जुनी जीप घेतली. आता तिच्यात लसींचा छोटा फ्रीज बसवायचा होता. डोंगरातल्या शेळ्या दिवस उजाडताच चरायला निघतात, म्हणून संध्याकाळीच जाऊन गावात मुक्काम करायचा आणि पहाटे गोठ्यातच लस टोचायची. रात्रभर गाडी बंद, फ्रीज मात्र चालू. त्यासाठी जीपला दुसरी बॅटरी हवी होती.

"दोघींच्या मधे एक रिले टाकायचा," प्रेरणा सांगू लागली. "गाडी चालू असली की दोन्ही चार्ज होते. बंद केली की वेगळ्या. फ्रीजनं दुसरी पूरी पिऊन टाकली तरी पहिली भरलेलीच राह्यते. सकाळी गाडी चालू कराले."

यात खोटं काही नव्हतं. दयारामला ते ऐकताक्षणी पटलं, आणि तिथंच घोळ झाला. हेच तिनं एखाद्या कागदावर वाचून दाखवलं असतं तर त्यानं कौतुकानं मान डोलावली असती. पण हे जब्बारचं बोलणं होतं आणि ते बोलताना आपल्या पोरीच्या चेहऱ्यावर जी खात्री होती, ती आपल्या बोलण्याबद्दल त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

"असं काही नसते," तो म्हणाला. "दोन बॅटऱ्या म्हंजे जोडी. जोडी एका जातीची पाहिजे, एका महिन्याची पाहिजे. एक जुनी, एक नवी केली की एक दुसरीले ओढते. मलकापूरपासून खामगावपर्यंत कोण्याबी ड्रायव्हरले विचार."

ड्रायव्हरांनी होच म्हटलं असतं. ट्रकला दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून लागतात, आणि त्यांची जोड लावावी तर दयारामनंच, असं हायवेवर बोललं जायचं. बैल घेताना दात पाहतात तसा तो बॅटरीवर ठोकलेला महिना पाहायचा, सहाही सेलचं पाणी मोजायचा, आणि केसाचा फरक असला तरी जोडी मोडायचा. त्याची लावलेली जोड पाच-पाच वर्षं चालायची. पण तो ट्रकचा नियम होता. जीपमध्ये बॅटऱ्यांची कामं दोन होती आणि नियम एक लागू पडत नव्हता.

"पण बाबा, चाचा..."

"तू इंजेक्शन देतं तं मी मधे बोलतो काय?"

"ठीक आहे बाबा, तुम्ही म्हणता तसं," असं म्हणून प्रेरणानं जीपची किल्ली टेबलावर ठेवली.

दयारामनं अख्खी दुपार त्या जोडीला दिली. अकरा बॅटऱ्या खाली उतरवल्या, मोजल्या, त्यातून दोन निवडल्या. महिना एक, खेप एक, पाणी एकसारखं. जीपमध्ये बसवून जाड केबलनं त्या एकमेकींना थेट जोडल्या, टर्मिनलला ग्रीस लावलं. काम इतकं देखणं झालं की त्याला ते कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. कोणाला, ते सांगायला नको. त्यानं जीप काढली, प्रेरणाला शेजारी बसवलं आणि धर्मकाट्यासमोरून इतकी हळू नेली की जब्बार बाहेर आलाच.

"बसवल्या काय, दयारामभाऊ?" त्यानं बॉनेट उघडायला लावलं. वाकून पाहिलं. "जोड तं सुंदर लावली. अन् मधे काई नाई टाकलं?"

"आपल्या जोडीत मधे कोणी लागत नाई," दयाराम म्हणाला.

जब्बारनं प्रेरणाकडे पाहिलं, मग दयारामकडे. "बराबर हाये," एवढंच बोलून त्यानं बॉनेट सावकाश लावलं. दयारामला त्या दिवशी पोटभर भाकर गेली.

चार दिवसांनी प्रेरणा डोंगरात मुक्कामाला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दयाराम दुकान झाडत होता, तोच जब्बारची पिकअप समोर येऊन थांबली. मागे एक बॅटरी, केबलचं भेंडोळं, हत्यारांची पेटी.

"चला भाऊ, बसा. प्रेरणाची जीप चालू नाई होऊन राह्यली."

दयारामनं खिशातला मोबाइल काढून पाहिला. रेंज भरलेली. मिस्ड कॉल एकही नाही.

"तिनं तुले फोन केला?"

"तुमचा लागला नसंल."

"माहा लागते," दयाराम म्हणाला. झाडू भिंतीला टेकवून तो गाडीत बसला.

गाडीनं येरळीजवळचा पूर्णा नदीचा पूल ओलांडला. पोरगी अडकली याची काळजी दयारामला होतीच. पण खरं सांगायचं तर त्या काळजीच्या आधी दुसरंच काहीतरी त्याला कुरतडत होतं. अडचणीत तिला पहिलं नाव जब्बारचं सुचलं. तो पिकअपमधल्या एकेका वस्तूकडे पाहत राहिला. सीटचं कव्हर, पाण्याची बाटली, समोर लटकवलेली तसबीची माळ. जब्बारला यातलं काही कळलं की नाही कोण जाणे, त्यानं वाटेत एकदा चहासाठी गाडी थांबवली आणि दयारामचा चहा बिनसाखरेचा सांगितला. जब्बारच्या ते लक्षात होतं, याचाही दयारामला रागच आला.

गावाच्या वरच्या अंगाला जीप उभी होती. गोठे रिकामे झाले होते. लोकांनी सूर्य वर येईपर्यंत शेळ्या बांधून ठेवल्या होत्या, मग त्या ओरडायला लागल्या तेव्हा सोडून दिल्या. एक म्हातारा तेवढा जीपजवळ उकिडवा बसला होता.

"डॉक्टरीणबाई चांगली हाये," तो म्हणाला. "पण आता लोक पुन्हा शेळ्या थांबवतीन का नाई, सांगता येत नाई."

फ्रीज कधीतरी रात्रीच बंद पडला होता. शंभरावर शेळ्यांची लस कोमट होऊन वाया गेली होती. प्रेरणाचे डोळे लाल होते. बापाला पाहून ती क्षणभर गोंधळली. त्याला सोबत आणायला तिनं सांगितलं नव्हतं, हे त्यावरून कळलं.

"रात्री गरमी होती, बाबा," ती घाईनं म्हणाली. "फ्रीज जास्तच चालला असंल."

"नाई तं एखादी बॅटरीच खराब निघाली असंल," जब्बारनं पुस्ती जोडली. "आजकाल नव्या मालाचा भरोसा नाई राह्यला, भाऊ. होते असं."

दोघं मिळून त्याच्यासाठी सबबीचं दार उघडं करून देत होते. फक्त आत जायचं होतं. दयारामनं खिशातून हायड्रोमीटर काढला. पहिल्या बॅटरीचे सहा सेल मोजले, मग दुसरीचे सहा. बाराही आकडे एकसारखे, तळाला गेलेले. रात्रभर फ्रीजनं दोघींतून सारखं सारखं प्यायलं होतं आणि दोघी एकाच वेळी रिकाम्या झाल्या होत्या. त्यानं आयुष्यात लावलेल्या जोड्यांमध्ये इतकी बरोबर जोड क्वचितच लागली असेल.

"माल चांगला हाये," तो म्हणाला. "चूक माही हाये. मधे रिले पाहिजे होता. मले तवाच पटलं होतं."

"मग काऊन नाई टाकला बाबा?"

"हा म्हणला म्हणून." त्यानं जब्बारकडे बोट केलं, पण पाहिलं नाही. "तू माहं दुकान सोडून याच्याकडं गेली. ते मले सहन नाई झालं. जळतो मी याच्यावर. आज नाई, आठ वर्सं झाले."

जब्बार केबलचं भेंडोळं उगाच सोडवत राहिला. म्हाताऱ्यानं खाली मान घातली.

"मी काऊन गेली सांगू?" प्रेरणा म्हणाली. "तुमाले कितीक गोष्टी येते, बाबा. पण जे येत नाई ते तुमी कधीच येत नाई म्हणत नाई. चाचाले विचारलं तं ते म्हणाले, मले दोन दिवस दे, पाहून सांगतो. दोन दिवसांनी, त्या सकाळी, सांगतलं. तुमी पाणी भरता भरता सांगतलं."

दयाराम जीपच्या बॉनेटला धरून उभा राहिला.

काम तासाभराचं होतं. दोघींपैकी एक बॅटरी इंजिनासाठी ठेवायची, दुसरी काढून तिच्या जागी जब्बारनं आणलेली फ्रीजच्या जातीची बसवायची आणि मध्ये त्याच्या पेटीतला रिले टाकायचा. "कोणती काढू, भाऊ?" जब्बारनं विचारलं, आणि खरोखरच थांबून राहिला. दयारामनं दोघींकडे पाहिलं. निवडायला काहीच फरक नव्हता. मग उजवीकडच्या बॅटरीचे नट त्यानं स्वतःच सोडले. नंतर जब्बार रिले बसवत होता तेव्हा तो बाजूला उभा राहून नट आवळायचे पाने देत होता, दहाचा, मग तेराचा, मग पुन्हा दहाचा. मागावे लागत नव्हते.

पिकअपला केबल लावून जीप चालू झाली. निघताना प्रेरणा पिकअपच्या खिडकीशी आली.

"चाचा, ह्या नव्या बॅटरीवर फ्रीज किती तास चालंल?"

जब्बारनं स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. "बाबांले विचार नं."

प्रेरणानं जब्बारच्या शेजारी बसलेल्या बापाकडे पाहिलं. ह्या जातीची बॅटरी दयारामनं आजपर्यंत विकली नव्हती. पण तीस वर्षांच्या अनुभवावर एक आकडा सांगणं काही कठीण नव्हतं. दहा म्हटलं असतं तरी खपलं असतं. आकडा जिभेवर आलाही होता.

"मले नाई माहीत," तो म्हणाला. "त्याले माहीत हाये. त्याले विचार."

जब्बार सांगू लागला, फ्रीज कितीचा आहे, बाहेर ऊन किती असेल, दार किती वेळा उघडशील, त्यावर आहे. प्रेरणा खिडकीवर हात ठेवून ऐकत होती. दयारामच्या पोटात दुखलंच, नेहमीच्याच जागी. पण तो शब्दन् शब्द ऐकत राहिला.

"भाऊ, ती बॅटरी मागं ठेवा नं," निघताना जब्बार म्हणाला. काढलेली बॅटरी दयारामनं पायाशी घेतली होती.

"राहू दे. मागं आदळते," तो म्हणाला, आणि डोंगर उतरेपर्यंत तिला दोन्ही पायांच्या मध्ये धरून बसला.