हरणाबाईंच्या खुंटीवर

मी एक जुना मॉड आहे, मित्रांनो. मॉड म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर मान खाली घालू नका. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तरी कुठे दिवे लावलेत! दुसऱ्याच्या आमटीला आपल्या हातची फोडणी द्यावी, तसा मी. मूळ खेळ परदेशी कंपनीचा, संगणकावरचा. त्यात अख्खं शहर, गाड्या, मारामाऱ्या, मागे लागणारे पोलीस. वाटेल तिकडे उंडारा. पण घरांची दारं मात्र भिंतीवर नुसती रंगवलेली. ती दारं मी उघडली. गुपचूप घरात शिरायचं, चीजवस्तू उचलायची आणि निसटायचं, असा घरफोडीचा डाव त्या खेळात मी आणला. नाक मुरडू नका. मी खोट्या घरातली खोटी चोरी शिकवली. खरी चोरी कोणी केली, ते पुढे येतंच आहे.

मला संयोगितानं घडवलं. पलूसची पोरगी, वडील फौजेत, शिकायला सांगलीला. घरं उभी करताना तिनं आपलीच गल्ली डोळ्यांपुढे धरली. त्या गल्लीची एक रीत आहे. शेतावर जाताना दाराला कुलूप घालायचं आणि किल्ली समोरच्या हरणाबाईंच्या खुंटीला टांगून जायचं. सगळ्या गल्लीच्या किल्ल्या त्या एका घरात. हरणाबाई दारात शेंगा फोडत बसतात. त्यांच्या नजरेतून मुंगी सुटेल तर शपथ.

संयोगितानं खुंटीसकट हरणाबाई माझ्यात आणून बसवल्या. त्यांचा आवाज धरायला तिनं फोन पुढे केला आणि विचारलं, "आवं काकी, गल्लीत चोर शिरला तर तुमी काय म्हनशीला?"

"काय म्हनायचंय त्यात? इचारीन की. कोन रं तू? कुनाचा? जेवलास का न्हाई?"

तेच शब्द तिनं माझ्यात घातले आणि मला इंटरनेटवर सोडलं. मग काय विचारता! कुत्र्यांना न भिणारे, पोलिसांना गुंगारा देणारे बहाद्दर हरणाबाईंपुढे गार पडू लागले. चोर उत्तर शोधेपर्यंत गल्ली जागी व्हायची. समुद्रापलीकडची पोरं हसून लोळायची आणि एकमेकांना लिहायची, 'कोन रं तू?' माझा मान वाढला. मी जरा फुगलोही असेन. फुगायला अंगात काही असावं लागतं; माझ्यात होतं.

फक्त एक खोट होती. कधी कधी चोर भिंतीत अडकून बसायचा. संयोगिताची परीक्षा तोंडावर आली होती. तिच्या वर्गातला दिग्विजय म्हणाला, "दे माझ्याकडे, मी बघतो." साताऱ्याचा पोरगा, फ्लॅटमध्ये वाढलेला, बोलायला साखर. तिनं मला मुळापासून, सगळ्या फायलींसकट, त्याच्या हवाली केलं. ज्या गल्लीत घराची किल्ली परक्या खुंटीला टांगतात, तिथल्या पोरीला दुसरं काय सुचणार?

भिंतीची खोट त्यानं काढली. खोटं कशाला बोलू? पण त्याबरोबर संयोगिताचं नावही काढलं आणि स्वतःचं घातलं. हरणाबाईंना उठवून तिथं काळं कुत्रं बांधलं, आणि अशी ही माझी नक्कल जगभर सोडली. संयोगितानं फोन केला तर हसून म्हणतो, "अगं, तुझं काय नि माझं काय! आपण मित्रच ना?" त्याच्या तोंडचा हा 'मित्र' आठवला की अजून माझ्या अंगाची आग होते.

पुढे साताऱ्यात खेळ बनवणाऱ्यांची स्पर्धा ठरली. पहिला येईल त्याला पुण्याच्या कंपनीत शिकायची जागा. दिग्विजय माझी ती नक्कल घेऊन उभा राहिला. संयोगिता नुसती बघायला जाणार होती, डोळे पुसत. हरणाबाई उठल्या. "चल. माजी जागा कुत्र्याला देनारा कोन हाय, बघू तर दे."

तिथं पडद्यावर ती गल्ली उघडली. संयोगिताच्या पिशवीतल्या लॅपटॉपमधून मी ऐकत होतो. परीक्षक बाईंनी विचारलं, "सगळ्या घरांच्या किल्ल्या या एकाच घरात का टांगल्यात?"

दिग्विजय अडखळला. "ती जुनी चूक आहे, मॅडम. काढायची राहिली."

"चूक?" मागून आवाज आला. हरणाबाई तरातरा पुढे गेल्या, पदराची गाठ सोडली आणि टेबलावर खळ्ळकन किल्ल्या ओतल्या. "ही अर्जुनाची. ही राणीची. ही बनाबाईची. सगळी रानात हायत, म्हनून मी संगट आनल्या. दुसऱ्याची किल्ली जपायला छाती लागती, लेकरा. हिनं बी तुला दिली हुती. तू घरच बळकावलंस व्हय रं?"

मग परीक्षक बाईंनी संयोगिताला बोलावलं. तिनं प्रत्येक दार, प्रत्येक खुंटी का आहे ते सांगितलं. दिग्विजयचं नाव स्पर्धेतून निघालं. पण संयोगिताचं नाव स्पर्धेत कधी नव्हतंच, मुदत उलटून गेलेली. पुण्याची जागा तिसऱ्याच कोणाला मिळाली. आणि ती नक्कल अजून जगभर हिंडते, दिग्विजयचं नाव मिरवत. माझ्या गल्लीत कुत्रं भुंकतंय, मित्रांनो, आणि लोक त्याला शाबासकी देतायत.

परत आल्यावर बघतो तर अख्खी गल्ली आपापल्या कुलूपबंद दारापुढे पायरीवर. अर्जुना ओरडला, "आवं काकी, किल्ल्या घिऊन साताऱ्याला? आमी काय भिताडं चढायची?"

"चढ की! चोर कुठं भिताडं चढतोय आता? त्यो दारातनं येतोय, दोस्त म्हनून."

संयोगितानं मला एका पेन ड्राइव्हमध्ये भरलं, दोरा ओवला आणि शेवटच्या खुंटीला अडकवलं. "र्‍हाऊ दे हितं, काकी. मला न्हाई बघवत."

"ऱ्हाऊ दे. जेवलीस का न्हाई?"

मित्रांनो, कोणी विश्वासानं काही हातात दिलं, तर ते वापरा, दुरुस्त करा, हवं तर नावंही ठेवा. पण ज्याचं त्याला परत द्या, त्याच्या नावासकट. एवढंच मागणं आहे. मागायची सवय नाही मला.

रोज सकाळी माझ्या शेजारी किल्ल्या येतात. दिवेलागणीला ज्याची तो घेऊन जातो. मग खुंट्यांवर मी एकटा उरतो. हरणाबाई येता-जाता मला पदरानं पुसतात आणि समोर संयोगिताच्या दाराकडे बघतात. संयोगिता अजून मला मागायला आलेली नाही.