आधी इवाई

मारेगावच्या मन्सूरभाईंच्या जिनिंगात त्या दिवशी कॉम्प्युटरचा पंखा असा घोंघावत होता, की भैरवीला वाटलं आता हा उडून फाटकाबाहेर जाणार.

भैरवी यवतमाळची. कापसाच्या रांगेचा प्रोग्राम तिनेच जावा भाषेत लिहिलेला. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन आलेल्याने खिडकीवर आपलं नाव सांगायचं, आपल्या आधी कोणाची बंडी तेही सांगायचं, की सर्व्हर एकेक नाव पुढे पुढे मोजत जाऊन नंबर काढणार. केवढी ऐट होती बाईंना त्याची!

आणि पहिल्याच दिवशी सकाळी दहाला प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. नंबर एकाचाही निघेना. बाहेर सत्तर बंड्या उभ्या, कापसाचा भाव रोज घसरत चाललेला, लोक तापलेले. मन्सूरभाई शांतपणे म्हणाले, "बेटा, बारा वाजेपर्यंत पाह्यतो. नाही जमलं तं मी आपलं रजिस्टर उघडतो. तुहा प्रोग्राम राहू दे मंग."

तिचं हे पहिलंच काम. इथून हात हलवत गेली, तर जिल्ह्यातलं दुसरं जिनिंग तिला दारात उभं करणार नव्हतं.

तिने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. पाच मिनिटं गुण्यागोविंदाने चालला. खिडकीवर कोणी नंबर विचारला, की झालं, परत शंभर. मेमरी पाहिली, तर भरपूर मोकळी. मग तिने सर्व्हरमधले थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चाललेली कामं, कुठवर आलेत त्याची यादी काढली. दहा सेकंदांनी पुन्हा काढली. मग तिसऱ्यांदा. प्रोसेसर खाणारे चार थ्रेड तिन्ही याद्यांत एकाच जागी होते: 'आधीचा शोधा'. तिच्याच हातचं काम ते.

तिने नोंदी उघडल्या. पुंडलिकराव, आधी कोण: बापूजी. बापूजी, आधी कोण: पुंडलिकराव. सर्व्हर बिचारा सकाळपासून या दोघांमध्ये येरझाऱ्या घालत होता, आणि मागच्या ज्याने ज्याने नंबर विचारला, त्याचा थ्रेडही तिथेच जाऊन अडकत होता. भैरवी इतकी हसली की खुर्चीवरून पडायची राहिली.

असा फेरा दिसला की थांबायचं, एवढी ओळ तिने दोन मिनिटांत घातली. पण पहिला कोण, हे ओळ कशी सांगणार? बाराला सात मिनिटं होती. ती फाटकाकडे पळाली.

तिथे मन्सूरभाई टेबल मांडून बसलेच होते. एवढा धीर कुठला निघायला! रजिस्टर उघडं, पान कोरं, पेन हवेत.

"लिहा, आधी बापूजी," पुंडलिकराव म्हणत होते. "इवाई हायेत आमचे. त्यायची पोरगी आमच्या घरची सून. त्यायच्या पुढं कसा जाऊ?"

"असं कसं?" बापूजींनी हात जोडले. "मुलाकडचे तुमी, मान तुमचा. मी मांगच बरा."

"काका, कोणीतरी एक व्हा ना पुढे," भैरवी काकुळतीला आली.

"पोरी, मानाची गोष्ट हाय. तुले नाही समजणार," दोघंही एका सुरात म्हणाले.

पुंडलिकरावांच्या बंडीवर, कापसाच्या ढिगावर, त्यांच्या पत्नी लालीबाई पहाटेपासून बसून होत्या. त्या खाली उतरल्या आणि पदर खोचून टेबलापाशी आल्या. "आमची बंडी पयली लिहा," त्या मन्सूरभाईंना म्हणाल्या. "बापूजी, तुमचा मान मी घेतला. घरी या, गोडधोड करून परत देतो. आता मले भूक लागली."

दोन्ही इवायांनी माना खाली घातल्या. भैरवी धावत आत गेली, पुंडलिकरावांच्या नोंदीतून बापूजींचं नाव काढलं, सर्व्हर चालू केला. प्रोसेसर चार टक्के. खिडकीवर भराभर नंबर निघायला लागले. तिला नाचावंसं वाटलं, आणि ती खरोखरच थोडीशी नाचली.

वळून पाहते तर दारात मन्सूरभाई.

"माह्या रजिस्टरात एकबी नाव नाही चढलं," ते म्हणाले. "पुसदले माह्या साळ्याचं जिनिंग हाय. परवा तिथं जाऊन हाच प्रोग्राम लाव. पण 'आधी कोण' हे माणसायले नको विचारू. बंडीवरच्या बाईले विचार."